पिनियनच्या नटाने शिकवलेला धडा

जुन्या जीपच्या मागून 'ऊंऽऽ' असा आवाज यायला लागला की नव्या पोरांचा पाना थेट डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, आमच्या भाषेत डिफ) बोल्टांवर जातो. माझाही जायचा. अरे, आधी गाडी चालवून तर बघा! रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. वळणावर एका बाजूला वजन गेलं की वाढला, तर चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तेव्हा संशय क्राउन-पिनियनवर (डिफमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, छोटा तो पिनियन) किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. गिअर टाकताना 'टक्' झालं तर पहिल्यांदा प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफपर्यंत ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हलवून बघा, डिफला शिव्या नंतर घाला. थरथरही बोलते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या डिफचं गुणोत्तर ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे. बारीक, झरझर थरथर शाफ्टकडची. जड, संथ हेलकावा चाकाकडचा.

एवढं सगळं येत असूनही मी फसलो, तेही आवाजात नाही, साध्या ऑइल सीलमध्ये.

पिनियनचं सील गळत होतं. शाफ्ट सोडवला, इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) पिनियनचा नट काढला, नवं सील ठोकलं आणि त्याच गनने नट ती थांबेपर्यंत आवळला. घट्ट म्हणजे चांगलं, एवढीच अक्कल. थोड्याच दिवसांत डिफ रडायला लागलं. उघडलं तर पिनियन बेअरिंगचे रोलर तापून निळे पडलेले.

झालं काय, ते नीट सांगतो. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ स्टीलची नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगांवर हलका दाब राहतो. हाच प्रीलोड. एकदा जास्त चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. 'नट थोडा सैल करू' म्हणालात तर दाब निघून जातो आणि पिनियनला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. म्हणजे नट जरासा जास्त फिरला तरी पिनियन बाहेर काढून नवी स्लीव्ह घालणं आलं.

म्हणून नट सोडवण्याआधी मागची चाकं आणि ड्रम काढा, नाहीतर ब्रेकचं घासणं मापात येतं. छोट्या मापाच्या टॉर्क पान्याने पिनियन सावकाश फिरवा आणि लागणारा जोर लिहून ठेवा. लक्षात ठेवू नका, लिहा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) यांवर एका रेषेत पंचच्या खुणा करा, नटाबाहेर दिसणारे आटे मोजा. नवं सील बसवल्यावर नट हातानेच खुणेपर्यंत आणा, मग केसभर पुढे, आणि पुन्हा मोजा. जोर आधीइतका किंवा किंचित जास्त आला की थांबा. गन सोडवायला वापरा, बसवताना ती दुसऱ्या खोलीत ठेवा. काही जुन्या ॲक्सलमध्ये स्लीव्ह नसतेच, तिथे प्रीलोड शिम, म्हणजे पातळ चकत्या, ठरवतात आणि नट ठरलेल्या टॉर्कला आवळतात. आपल्या ॲक्सलमध्ये काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

आणि लाज वाटणारी गोष्ट पुढेच आहे. सील मुळात खराब नव्हतंच. ॲक्सलच्या हाऊजिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, चिखलाने बुजला होता. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलमधून तेल ढकलते. तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरवला की उलटं होतं. हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि तेल दुधाळ होतं. ब्रीदर काढून फुंकर मारायला किती वेळ लागतो?

ज्या मिस्त्रीकडे शिकलो तो काही विचारलं की 'हात बसेल' म्हणायचा. माझं मत, मोजल्याशिवाय हात चुकीच्याच जागी बसतो. पण तेल बोटांत चोळून वास घ्यायला त्यानेच शिकवलं, तेवढं त्याचं देणं आहे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लगदा दिसला तर घाबरू नका, वय झालेल्या डिफमध्ये तो असतोच. नखाला टोचणारे तुकडे असतील तर मात्र गाडी हलवू नका.

जॅक लावताना मात्र माझं ऐकाच. पुष्कळ जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एकच चाक उचललंत तर शाफ्ट अडकलेला असूनही उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी सरकते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, दोन्ही स्टँड लावा, मगच खाली जा.

आणि तेल बदलताना आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का ते बघा. खालून सगळं तेल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून चिकटलेला निघाला, तर गाडी तिथेच.