आंबा-मारी पुडिंगची तयारी: आधी फ्रीज मोकळा करा

आंबा, मारी बिस्किटं, चक्का आणि फेटलेलं क्रीम यांचं थरांचं पुडिंग करायचं ठरलं की सामान आणायला जाण्याआधी फ्रीज उघडा. ज्या ट्रेमध्ये थर लावणार तो रिकामा ट्रे आत ठेवून बघा. सपाट बसतो का, वर दोन बोटं जागा उरते का, दार नीट लागतं का? नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. मे महिन्यात आत पाण्याच्या बाटल्या, पन्हं, रसाचं पातेलं असतंच. मागच्या वेळी सगळे थर लावून झाल्यावर ट्रेसाठी जागा शोधावी लागली, आणि पुडिंग तिथेच बिघडलं.

जागा एकदा नाही, तीनदा लागते. रविवारी दुपारी वाढायचं असेल तर शुक्रवारी रात्री दही टांगायचं. उन्हाळ्यात ते बाहेर रात्रभर राहिलं तर चक्का आंबट होतो, म्हणून चाळणी, कापड आणि खालचं भांडं हे सगळं फ्रीजमध्येच. त्याची उंची ट्रेपेक्षा जास्त, तीही मोजा. शनिवारी दुपारी क्रीम फेटायचं भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये. संध्याकाळी भरलेला ट्रे, रात्रभर. तिन्ही वेळांची जागा आधी ठरवा.

ट्रे काचेचा, 20 बाय 20 सेंमी, उंची किमान 6 सेंमी. आठ-नऊ जणांना पुरतो.

दही 1 लिटर, साय न काढलेल्या दुधाचं. आठ-दहा तासांनी साधारण 400 ग्रॅम चक्का मिळतो. चमचा उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर कापड पिळून वर वजन ठेवा, कारण इथे राहिलेलं पाणी उद्या ट्रेच्या तळाशी दिसणार. डेअरीतून तयार चक्का आणलात तरी कापडात बांधून तासभर ठेवाच. मग श्रीखंडासारखाच पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचा. गुठळ्या क्रीममध्ये मोडत नाहीत.

क्रीम 200 मिली. पुडा घेताना स्निग्धांश वाचा: 30 टक्के किंवा जास्त हवा. अमूल फ्रेश क्रीममध्ये तो 25 टक्के असतो, ते कितीही फेटलं तरी टोकं धरत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम चालतं, पण ते गोठलेलं मिळतं आणि बहुतेक गोडच असतं, रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या (पुन्हा जागा!) आणि साखर निम्म्याहून कमी करा.

पिठीसाखर 70 ग्रॅम, आंबा चाखून कमी-जास्त. दाणेदार साखर नको, करकर लागते. वेलची चिमूटभर, मीठ त्याहून कमी.

आंबे हापूस, पाच. मध्यम हापूसमधून साधारण दीडशे ग्रॅम गर निघतो. चार पुरतात, पाचवा साका (आतला पांढरट, खराब गर) निघाला तर. वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसमध्येही साका निघतो आणि तो कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून क्रीम फेटण्याआधी सगळे आंबे कापून बघा. केशरही चांगला. पायरी रसाला उत्तम, पण त्याचा रस पातळ असतो, थरात वाहतो. 300 ग्रॅम गर मिक्सरमधून काढा, दूध-पाणी काही न घालता. उरलेल्याच्या सेंटिमीटरभर फोडी. फोडींना साखर लावू नका, पाणी सुटतं. डब्यातला मँगो पल्प बहुधा गोड असतो, तेवढी साखर कापा. अननस किंवा किवी घालायचा मोह झाला तर कच्चा नको: त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि काही तासांत कडवट चव येते. अननस साखरेत शिजवून, गार करून, निथळून घातला तर चालतो.

बिस्किटं मारीचीच, 250 ग्रॅमचा पुडा पुरून उरतो. पार्ले-जी चवीला छान, पण दुधात टेकवताच मऊ पडतं. दूध गार, अर्धी वाटी, बशीत; बिस्कीट एका बाजूने बुडवून लगेच उचला. 'एक' म्हणेपर्यंत. जास्त भिजवण्याचं कारणच नाही, बाकीचा ओलावा ते रात्री चक्क्यातून आणि आंब्यातून घेतं.

आता क्रीम बाहेर काढण्याआधी पुन्हा एकदा फ्रीज उघडा. जागा अजून आहे ना? दुपारपासून कुणीतरी कलिंगड ठेवलेलं असतं. क्रीममधली हवा गार, घट्ट चरबीने धरलेली असते. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात ती चरबी सैल पडते आणि क्रीम बसतं. फेटल्यापासून ट्रे आत जाईपर्यंत वीस मिनिटं, त्यात जागा शोधणं बसत नाही.

फेटताना भांड्याखाली बर्फाची परात. टोकं उभी राहून किंचित वाकली की थांबा. पुढे दोन मिनिटांत लोणी येतं. चक्क्यात साखर, वेलची, मीठ मिसळून घ्या, मग क्रीम तीन वेळा करून उलथन्याने खालून वर घोळवा. बीटर नको.

थर: तळाला बिस्किटं, फटींत तुकडे, चक्का-क्रीमचा एक तृतीयांश, त्यावर गर पातळ पसरून थोड्या फोडी. असं तीनदा. गर कडेपर्यंत नेऊ नका, काचेला लागून तो खाली ओघळतो. वरच्या फोडी वाढतानाच.

झाकण घट्ट. दुधाच्या चरबीला वास फार लवकर लागतो, शेजारी चिरलेला कांदा असेल तर सकाळी कळेलच. ट्रे मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे कड गोठते. तिरका ठेवू नका, बाटलीवर टेकवून तर नाहीच: रात्रीतून वरचे थर एका बाजूला सरकतात. आणि जागा नाही म्हणून फ्रीजरमध्ये नको. गोठलेलं पाणी बिस्किटात शिरत नाही, ते कडकच राहतं. चक्का सुटताना रवाळ होऊन पाणी सोडतो.

जागा होतच नसेल तर ट्रेचा बेत सोडा आणि गोव्यात करतात तसं सेरादुरा ग्लासांत करा. फेटलेलं क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि मारीचा भुगा (नावाचा अर्थच लाकडाचा भुसा), मध्ये आंब्याच्या फोडी. भुगा कोरडाच घालतात, तीन-चार तास पुरतात, ग्लास दारातही मावतात.

ट्रे किमान आठ तास. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. दुसऱ्यांकडे न्यायचं तर थर्माकोलच्या पेटीत, खाली-वर बर्फाच्या पिशव्या, आणि तिथल्या फ्रीजमध्ये जागा आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारा. दोन दिवसांत संपवा.