दारू सोडण्यासाठी मीटिंगला जाताय? या चुका टाळा

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए', ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. तिच्या मीटिंगला एकदाच जाऊन आलेली माणसं गावोगाव भेटतात. "गेलो होतो, काही उपयोग नाही" असं सांगतात. खोदून विचारलं तर कळतं की घोळ बहुतेकदा मीटिंगच्या आधी नाहीतर नंतर झालेला असतो.

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो. रोज सकाळपासून पिणारा माणूस एकदम ठरवतो, "आजपासून थेंब नाही, उद्या मीटिंग." काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बरळणं, ताप सुरू झाला तर जिवावर बेतू शकतं. इथे निश्चय कामाला येत नाही. पूर्वी कधी फिट आली असेल, किंवा हात थांबावेत म्हणून सकाळी घ्यावीच लागत असेल, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग चालेल. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुढे मीटिंगमध्ये कुणी "गोळ्या बंद कर, एएचा प्रोग्रॅम पुरेसा आहे" म्हणालं तर मुळीच ऐकू नका. एए औषधांबद्दल सल्ला देत नाही. ते त्या माणसाचं स्वतःचं मत.

दुसरी चूक पत्त्याची. मीटिंगच्या यादीत ग्रुपचं नाव दिसलं की लोक थेट निघतात. पण ग्रुप भाड्याच्या किंवा उसन्या खोलीत भरतात, कधी शाळेचा वर्ग, कधी चर्चचा हॉल, आणि जागा-वेळ बदलते. बंद दारासमोरून परतलेला माणूस घरी जाताना कुठे थांबतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून आधी फोन करा. मीटिंग मराठीत आहे का, आणि खुली की बंद, हे विचारा. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला घरचे लोकही येऊ शकतात. चर्चचा हॉल म्हणून बिचकू नका, जागा मिळाली म्हणून तिथे बसतात इतकंच. वर्गणी किंवा प्रवेश फी नसते; सभासद स्वखुशीने देतात त्यावर ग्रुप चालतो. फोनवर 'पॅकेज' सांगितलं गेलं तर तुम्ही एखाद्या खासगी व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला आहे.

केंद्र आणि एए यांत गल्लत झाली की अपेक्षाही चुकतात. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात समुपदेशक असतात, उपचारानंतरचा पाठपुरावा असतो. एएच्या खोलीत तज्ज्ञ कुणी नाही. समोरचा बोलतो तो स्वतःच्या पिण्याबद्दल. "मला कुणी काही सांगितलंच नाही" ही तक्रार तिथूनच येते.

घरच्यांच्या चुका वेगळ्याच. नवऱ्याला दारापर्यंत ओढत नेणं ही त्यातली साधी. भयंकर म्हणजे भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात वाचून चहात-भाजीत गोळी मिसळणं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं औषध, असेल आणि माणूस वर दारू प्याला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस जाऊही शकतो. ते औषध त्याला सांगूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. पत्नीने स्वतःसाठी अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या संघटनेची, मीटिंग किंवा मुक्तांगणचा पत्नींसाठीचा 'सहचरी' गट शोधावा. नवरा तयार असो-नसो, तिथे जाता येतं.

आता मीटिंगला पोचलेल्यांबद्दल. एकाच मीटिंगवरून निकाल लावू नका. एका ग्रुपमध्ये सगळे निवृत्त, दुसऱ्यात रिक्षावाले आणि आयटीवाले शेजारी-शेजारी. बाईमाणसाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणं जमत नसेल, तर महिलांची किंवा ऑनलाइन मीटिंग विचारावी. मीटिंगमध्ये कानावर येणाऱ्या 'ईश्वर' शब्दावर अडकलात तर अडका, पण बसून राहा. सभासदत्वाची अट एकच आहे, दारू थांबवण्याची इच्छा.

मात्र मागच्या बाकावर बसून संपताक्षणी सटकणं महागात पडतं. मीटिंग दीड तासाची, तलफ कधीही येते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत, नुकतीच दारू सोडलेल्या बिल डब्ल्यू. यांना बार खुणावत होता. त्यांनी फोन फिरवून बोलायला दुसरा दारुडा शोधून द्या म्हटलं, आणि त्यातून डॉ. बॉब भेटले. हेच दोघे एएचे संस्थापक. एएची सुरुवातच अशी फोनवर झाली. तुम्हीही दोन-तीन नंबर घ्या, आणि पहिला फोन तलफ नसतानाच करून ठेवा. नाहीतर ऐन वेळी संकोच होतो.

घसरलात तर तोंड लपवू नका. डॉ. बॉबही बिल भेटल्यानंतर एका वैद्यकीय परिषदेला गेले ते पिऊनच परतले. नंतर त्यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन धरतात. पिऊन मीटिंगला गेलात तरी बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका.

सणासुदीला मीटिंग बुडवणं हीसुद्धा चूकच, कारण गटारी आणि एकतीस डिसेंबरलाच तिची जास्त गरज असते. हळदीला जावंच लागणार असेल तर परतायचं वाहन आधी ठरवा आणि नकाराचं वाक्य तयार ठेवा. "गोळ्या चालू आहेत" एवढं लग्नघरात सहसा पुरतं.