बुद्धिबळात मोहरा देताना या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. नागपूरची पोरगी एवढी मोठी झाली म्हटल्यावर आमच्या खेड्यापाड्यांतही घरोघरी पट निघाले. शाळेच्या व्हरांड्यात दुपारच्या सुट्टीत डाव रंगतात आणि पोट्टे मोबाईलवर पाहिलेल्या चाली दुसऱ्या दिवशी पटावर आणतात. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच चांगला चाललेला डाव हातचा जाताना पाहवत नाही. पुढे फायदा होईल म्हणून उंट नाहीतर हत्ती मुद्दाम देऊन टाकायचा, म्हणजे समोरच्याला मारू द्यायचा, आणि दोन चालींनंतर विचारायचं, "सर, हत्ती तं देल्ला, आता काय करू?"

हत्ती हातात असतानाच हे विचारलं, तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

पाठ केलेली चाल, पण पट वेगळा

सगळ्यात जास्त डाव इथे जातात. लेगालची मात, म्हणजे वजीर मारू देऊन केलेली मात, आता गावागावांत पोचली आहे. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभे स्तंभ ए ते एच, आणि पांढऱ्याकडून आडव्या ओळी १ ते ८.) पांढऱ्याचं प्यादं ई४ वर, काळ्याचं ई५ वर. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचं प्यादं डी६. पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो, काळ्याचा जी४ वर येऊन घोड्याला वजिरापुढे बांधून ठेवतो. पांढरा दुसरा घोडा सी३ वर काढतो, काळा जी६ अशी निवांत चाल खेळतो. आता पांढऱ्याचा बांधलेला घोडा सरळ ई५ चं प्यादं मारतो. काळ्याने मोहात पडून वजीर खाल्ला, तर उंट एफ७ वर शह देतो, राजा ई७ वर जातो, घोडा डी५ वर, आणि मात. काळ्याने वजिराला हात न लावता डी प्याद्याने घोडा मारला, तरी पांढऱ्याचा वजीर जी४ चा उंट घेतो आणि एक प्यादं वर राहतं. म्हणजे दोन्हीकडून फायदाच.

आता एवढाच फरक करा: जी६ ऐवजी काळ्याने घोडा सी६ वर काढलेला आहे. मुलं तशीच ई५ वर घोडा घालतात. काळा त्याच सी६ च्या घोड्याने तो मारतो, आणि ई५ वर आलेला हा घोडा जी४ च्या उंटालाही आधार देतो. वजिराने उंट घेता येत नाही. एका प्याद्यापायी घोडा गेला, हल्ला संपला.

गंमत अशी की आधी एच३ खेळून काळ्याचा उंट एच५ वर सरकवला असेल, तर सी६ वर घोडा असूनही चाल चालते. काळा घोड्याने ई५ मारतो, पांढरा वजिराने एच५ चा उंट, काळा सी४ चा उंट. मग पांढरा वजीर बी५ वरून शह देतो आणि सी४ चा घोडा उचलतो. हिशेब केला तर एक प्यादं जास्त. हे पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. उंट जी४ वर की एच५ वर, एवढ्या एका घरावर सगळं अवलंबून आहे, आणि ते घर व्हिडिओत कोणी थांबून दाखवत नाही.

एच७ वर उंट देण्याचंही तसंच. इटलीच्या ग्रेकोने सतराव्या शतकात नोंदवलेली ही युक्ती: उंट एच७ वर शह देतो, राजा तो मारतो, घोडा जी५ वर शह देतो, मागून वजीर एच५ वर. उंटाला हात लावण्याआधी चार गोष्टी बघा. काळ्याचा घोडा एफ६ वर आहे का, किंवा तिथे येऊ शकतो का? आपलं ई५ चं प्यादं त्याला अडवत असेल तर बरं. काळ्याचा उंट एफ५ वर येऊन एच७ राखू शकतो का? जी५ वरचा आपला घोडा ते फुकट मारतील का? आणि राजा मागे जी८ वर न जाता पुढे जी६ वर आला तर? हा शेवटचा प्रश्न आमची मुलं हमखास विसरतात. राजा पुढे आला की गोंधळतात आणि घोडा मागे घेतात. त्या जागी वजीर जी४ किंवा एच प्यादं पुढे, हे आधीच तपासलेलं असायला हवं.

प्याद्याला कमी समजणं

आपल्याकडे बरीच मुलं पारावरच्या आजोबांकडून शिकतात. देशी पद्धतीत प्यादं ज्या स्तंभातून शेवटच्या घरात पोचतं, त्या स्तंभाचाच मोहरा मिळतो. घोड्याच्या स्तंभातून गेलं तर घोडा. स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियम असतो, कोणत्याही प्याद्याचा वजीर होतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात प्यादं पुढे काढण्यासाठी हत्तीसुद्धा देणं परवडतं, आणि जुन्या सवयीची मुलं ते देतच नाहीत. सहाव्या ओळीवर शेजारी-शेजारी पोचलेली दोन प्यादी, समोरचा राजा जवळ नसेल तर, एकट्या हत्तीला सहसा आवरत नाहीत. आजोबांशी जरूर खेळा, त्यांची नजर पक्की असते. फक्त स्पर्धेआधी नियम कोणता ते डोक्यात बसवा.

दिल्यावर घाई आणि अदलाबदल

मोहरा दिला की मुलं घाबरून पुढचा शह शोधतात. शह दिसला की दिला, आणि प्रत्येक शहागणिक राजा सुरक्षित घराकडे ढकलला जातो. त्यापेक्षा कोपऱ्यात पडलेला हत्ती हल्ल्याच्या बाजूला आणणारी शांत चाल पुष्कळदा जास्त कामाची. राजाभोवती आपले किती मोहरे पोचतात आणि राखणारे किती, हे मोजा. आणि वजिरावजिरी तर करूच नका. आपण एक मोहरा कमी असताना प्रत्येक अदलाबदलीने समोरच्याचं काम सोपं होतं.

मात दिसली नाही म्हणून न देणं

ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ स्पीलमनने बलिदानाचे दोन प्रकार सांगितले: खोटं, ज्याची परतफेड मोजता येते, आणि खरं, ज्याची मोजता येत नाही. लेगालची मात पहिल्यातली. दुसऱ्याचं माझं आवडतं उदाहरण १९५३ च्या झुरिक स्पर्धेतलं. अमेरिकेच्या रेशेव्हस्कीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना सोव्हिएत संघाच्या पेट्रोशियनने २५व्या चालीला हत्ती ई६ वर नेऊन ठेवला, उंटाच्या तोंडात. शह नाही, मात नाही. पांढऱ्याची प्यादी अडली आणि काळ्याच्या घोड्याला डी५ वर पक्की जागा मिळाली. डाव बरोबरीत सुटला. रग्गड मोहरे असूनही एकही हलत नाही अशा अवस्थेत असं देणं सुचलं पाहिजे, आणि ते सरावाच्या डावांतूनच येतं. तिथे हरलात तरी चालेल.

समोरच्याने दिला तर

मोहरा खाल्ला की तो जपून ठेवायचा, हा हट्ट महागात पडतो. उंट मिळाला आणि राजा उघड्यावर असेल, तर तोच उंट किंवा एखादं प्यादं परत देऊन वजीर पटावरून काढा, किल्लेकोट करा (राजा-हत्तीच्या एकत्र चालीने राजा आडोशाला न्या), मग खेळा. घेण्याआधी न घेण्याची चालही तपासा. एवढं बघायला घड्याळात पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या.