साज बघितला आणि गुपित फुटलं
वहिनीच्या पन्नाशीला कोल्हापुरी साज घ्यायचा, म्हणून गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जायच्या आधी मोबाईलवर दोन-चार डिझाइन बघितली. झालं! आठवडाभर बातम्या उघडा नाहीतर क्रिकेटचा स्कोअर बघा, मधेच जाहिरातीत साज लोंबतोय. वहिनीनं एकदा फोन हातात घेतला आणि संपलं.

हे टाळायचं तर अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल, मग ॲड्स. तिथं 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. जाहिरातीसाठी ॲप्स ज्या क्रमांकावरून तुमचा फोन ओळखतात, तो पुसला जातो. गूगल खात्यातल्या 'माय ॲड सेंटर'मधलं पर्सनलायझेशन, म्हणजे तुमच्या आवडीनुसार जाहिराती दाखवणं, मात्र वेगळं बंद करावं लागतं. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त ट्रॅकिंगची परवानगी काढा. जाहिराती थांबत नाहीत हं, मागं लागणं तेवढं कमी होतं. आणि भेटवस्तू शोधायची तर इनकॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता.