युजर रिसर्चच्या इंटरव्ह्यूची तयारी, सांगलीत बसून

मोठ्या टेक कंपनीत युजर रिसर्चरची, म्हणजे लोक प्रॉडक्ट कसं वापरतात ते शोधणाऱ्याची, इंटरव्ह्यूची प्रोसेस साधारण अशी असते, आधी रिक्रूटरचा फोन, मग मॅनेजरशी बोलणं, मग पोर्टफोलिओ प्रेझेंटेशन (आपण केलेली कामं दाखवणं) आणि त्याच्यामागं लागोपाठ चार-पाच जणांचे राऊंड. रिक्रूटरच्या फोनचं टेन्शन नका घेऊ, पगार आणि नोटीस पिरियड विचारतात, बास.

खरं घोडं अडतं ते प्रेझेंटेशनला. पहिल्या वेळी मी पाच प्रोजेक्ट आणि चाळीस स्लाईड घेऊन बसलो, आणि पहिल्याच प्रोजेक्टला एका मॅडमनी विचारलं, "सर्व्हेच का? लोकांशी बोलला का नाहीस?" खरं उत्तर होतं की सर्व्हे सोपा पडला. झालं, तिथंच माती. तर दोनच प्रोजेक्ट घ्या, ही पद्धत का निवडली, काय चुकलं आणि तुमच्यामुळं प्रॉडक्टमध्ये काय बदललं ते सांगा. जुन्या कंपनीचे आतले आकडे मात्र झाका, नाहीतर उद्या आमचेही असेच बाहेर सांगेल असं त्यांना वाटतं.

प्रोजेक्टच नसेल तर मार्केट यार्डात जा की. हळद घेऊन आलेल्या काकांना "विक्रीच्या हिशेबपट्टीसाठी ॲप काढलं तर वापराल का?" विचारलं तर ते "वापरू की" म्हणणारच, समोरच्याचं मन कोण मोडतंय! त्यापेक्षा "मागच्या वेळी पैसे जमा झाले ते कसं कळलं?" विचारा. मला एकानं सांगितलं, मेसेज येतो पण तो पोरगं वाचतं, मी आपला आडत्यालाच फोन लावतो. आता हे कुठल्या सर्व्हेत मिळणार होतं?

मग एक राऊंड असतो, "ॲपमध्ये लोक पैसे पाठवताना अर्ध्यातच सोडतात, रिसर्च कसा करशील?" लगेच पद्धत सांगत सुटू नका. आधी विचारा, यावरून निर्णय कसला घ्यायचाय, वेळ किती आहे, डेटा काय आहे. लोक कुठं सोडतात ते डेटा सांगतो, का सोडतात ते माणसांनाच विचारावं लागतं. आणि युजेबिलिटीतला (वापरायला सोपं डिझाईन) तज्ज्ञ जेकब नीलसनचं 2000 सालचं ते "टेस्टिंगला 5 युजर पुरे" सगळे फेकतात, पण ते डिझाईनमधल्या अडचणी शोधायला आहे, टक्केवारी काढायला नाही. पाचातले तीन अडकले म्हणून "60 टक्के लोक अडकतात" म्हणालात की संपलं.

शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हणतात तेव्हा विचारा, रिसर्चमुळं तुमच्या टीमनं शेवटचा कुठला निर्णय बदलला? समोरचे एकमेकांकडं बघायला लागले तर ऑफर आली तरी दोनदा विचार करा.