पॅक काढायची तर आधी खजिनदार शोधा

अमेरिकेत निवडणुकीसाठी पैसा उभा करायचं ठरलं की गट आधी नाव, लोगो आणि पहिल्या जाहिरातीच्या मागे लागतात. पण पॉलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी, म्हणजे पॅक, चालते ती खजिनदारावर. हे पद रिकामं असेल तर एक डॉलर घेताही येत नाही आणि खर्चताही येत नाही. म्हणून सहायक खजिनदारही पहिल्याच फॉर्मवर नोंदवा.

कंपनी किंवा युनियनशी न जोडलेल्या गटाने फेडरल, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या, निवडणुकांसाठी एका वर्षात १,००० डॉलरहून जास्त जमवले किंवा खर्च केले की १० दिवसांत फेडरल इलेक्शन कमिशनकडे फॉर्म १ भरावा लागतो. आयआरएस या कर खात्याकडून ईआयएन हा संस्थेचा ओळख क्रमांक आधीच घ्या, बँक खात्यासाठी तो लागतोच. पॅकच्या नावात उमेदवाराचं नाव घालू नका.

एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर घेता येतात, त्यातही रोख फक्त १०० पर्यंत. कंपनीच्या किंवा युनियनच्या खात्यातला पैसा आणि फेडरल कंत्राटदाराची देणगी चालत नाही. भारतीयांच्या गटांनी इथे विशेष जपायला हवं: नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेले देऊ शकत नाहीत. पैसा कुठे लावायचा या निर्णयातही त्यांनी पडायचं नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मात्र ते काम करू शकतात. नागरिक असलेल्या जोडीदाराच्या नावाने त्यांचा पैसा आत आणणं हा तर सरळ गुन्हा आहे.

५० डॉलरच्या वर प्रत्येक देणगीदाराचं नाव आणि पत्ता ठेवा. वर्षभराची बेरीज २०० च्या पुढे गेली की व्यवसाय आणि मालक कंपनीचं नावही लागतं. ऑनलाइन अर्जात हे रकाने सक्तीचे करून टाका, कारण माहिती अर्धवट आली तर ३० दिवसांत पुन्हा विचारावं लागतं आणि विचारल्याचा पुरावा जपावा लागतो. चेक १० दिवसांत बँकेत जायला हवा. कागदपत्रं ३ वर्षं ठेवा.

आता संदेश. ‘सिनेटरना फोन करून हे विधेयक रोखायला सांगा’ हा जनमताचा प्रचार झाला. ‘यांना मत द्या’ म्हटलं की तो निवडणुकीवरचा खर्च झाला. पॅकच्या जाहिरातीत, वेबसाइटवर आणि ५०० हून जास्त लोकांना पाठवलेल्या एकसारख्या ईमेलमध्ये खर्च कोणी केला ते लिहावं लागतं. उमेदवाराच्या परवानगीविना काढलेल्या जाहिरातीत तसं स्पष्ट सांगून पॅकचा पत्ता, फोन किंवा वेबसाइटही द्यायची. छापील पत्रकात हा मजकूर चौकटीत हवा. २४ बाय ३६ इंचापर्यंतच्या कागदावर १२ पॉइंटचा टाइप पुरतो.

खरा घोळ होतो तारखांचा. स्वतंत्र खर्च, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता ‘यांना मत द्या’ किंवा ‘देऊ नका’ सांगण्यावर केलेला खर्च, एका निवडणुकीत १०,००० डॉलरला पोचला की ४८ तासांत कळवायचं. मतदानाआधीच्या शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलरलाच, तेही २४ तासांत. घड्याळ सुरू होतं जाहिरात लोकांसमोर आली त्या दिवसापासून, बिल भरल्यापासून नव्हे. संदेशवाल्यांनी रात्री जाहिरात सोडली आणि खजिनदाराला ती बिलावरून कळली, तर मुदत तोवर उलटलेली असते. म्हणून खजिनदाराची लेखी मंजुरी आल्याशिवाय काहीच प्रसिद्ध करू नका. मंजुरीच्या कागदावर प्रसिद्धीची तारीख आणि अंदाजे खर्च लिहा.

उमेदवाराच्या प्रचारप्रमुखाला ‘जाहिरात कधी लावू?’ असं विचारून ती त्याप्रमाणे लावली, किंवा त्यांचंच पत्रक पुन्हा छापलं, तर तो खर्च उमेदवाराला दिलेली देणगी ठरू शकतो. नव्या पॅकला २०२५-२६ मध्ये एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर देता येतात. नोंदणीला ६ महिने झाले, ५० हून जास्त देणगीदार झाले आणि ५ फेडरल उमेदवारांना देणगी देऊन झाली की मर्यादा ५,००० होते.

नेहमीचा अहवाल फॉर्म ३एक्सवर जातो. लहान गटाने मासिक पर्याय घ्यावा: बहुतेक महिन्यांची २० तारीख लक्षात राहते आणि राज्याराज्यांच्या प्रायमरींच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांच्या, तारखा सांभाळत बसावं लागत नाही. वर्षाची जमा किंवा खर्च ५०,००० डॉलरच्या वर गेला की अहवाल इलेक्ट्रॉनिकच भरायचा. पॅक बंद करताना आधी देणी फेडा, मग समाप्तीचा अहवाल द्या, आणि कमिशनने तो स्वीकारल्याचं पत्र येईपर्यंत नेहमीचे अहवाल पाठवत राहा.