तरंगत्या वस्तीच्या डिझाइन स्पर्धेला उतरताय? या चुका टाळा

समुद्रावर तरंगणाऱ्या वस्तीचं स्वप्न जुनं आहे आणि ते पाहण्यात काहीच गैर नाही. जपानी वास्तुविशारद कियोनोरी किकुताके यांनी समुद्रावरच्या शहरांचे आराखडे काढले आणि १९७५ साली ओकिनावाच्या प्रदर्शनात त्यांचं ‘अ‍ॅक्वापोलिस’ खरोखर पाण्यावर उभं राहिलं. पुढे समुद्रावरच्या वस्त्यांचा पुरस्कार करणाऱ्या सीस्टेडिंग इन्स्टिट्यूटने २००९ आणि २०१५ मध्ये तरंगत्या वस्त्यांच्या डिझाइन स्पर्धा घेतल्या. फ्रान्समधलं जाक रुजरी फाउंडेशन समुद्रासाठीच्या वास्तुरचनेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतं. आपल्याकडची आर्किटेक्चरची मुलंही अशा स्पर्धांकडे वळतात, चित्रंही देखणी काढतात. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यातल्या बहुतेक एका दुपारच्या आकडेमोडीत सुधारण्यासारख्या असतात. ती दुपार द्यायची कुणाची तयारी नसते, दुखणं तिथेच आहे.

वजनाचा तक्ताच नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिला सगळ्यात जास्त जागा.

सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या चित्रात) तीन मजले असतात, मीटरभर मातीत झाडं असतात, गच्चीवर टाकी असते. पाण्याची रेषा मात्र जिथे छान दिसते तिथे ओढलेली असते. पाण्याची पातळी ही ड्रॉइंग करणाऱ्याने ठरवायची गोष्ट नाही. ती वजन ठरवतं.

उदाहरण घेऊन बघू. डेल्टासिंक या डच कंपनीच्या २०१३ च्या संकल्पना-अहवालात ५० मीटर बाजूचे चौकोनी आणि पंचकोनी प्लॅटफॉर्म होते. त्यातला चौकोनाचा आकार घेऊ, बाकीचे आकडे आपले. क्षेत्रफळ २,५०० चौरस मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १.०२५ टन. म्हणजे हा प्लॅटफॉर्म १ सेंटिमीटर खाली जायला साधारण २५.६ टन लागतात. बाकी काही करण्याआधी हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता पोकळ काँक्रीटची पेटी घ्या, उंची ६ मीटर. तळ ४० सेंटिमीटर जाड, वरचा स्लॅब ३० सेंटिमीटर, बाहेरच्या भिंती ३० सेंटिमीटर, आत दोन्ही दिशांना चार-चार आडभिंती २५ सेंटिमीटरच्या. भिंती पूर्ण ६ मीटर उंचीच्या धरल्या आणि सांधे वजा केले नाहीत तर काँक्रीट ढोबळमानाने होतं २,७१० घनमीटर, वजन ६,७७५ टन. वर एकही वीट ठेवण्याआधी पेटी २.६४ मीटर बुडाली.

तिच्यावर अर्ध्या क्षेत्रात आरसीसीचे तीन मजले चढवा. चौरस मीटरला १ टन धरला तर ३,७५० टन, म्हणजे आणखी १.४६ मीटर. रेंडरमधली (सादरीकरणाच्या चित्रातली) ती मीटरभर माती सगळीकडे पसरा. ओली माती घनमीटरला १.९ टन भरते, म्हणजे ४,७५० टन आणि १.८५ मीटर. बेरीज ५.९५ मीटर. सहा मीटरच्या पेटीची पाण्यावर उरते ५ सेंटिमीटर. माणसं, सामान, पिण्याचं पाणी यांतलं अजून काहीच चढलेलं नाही.

उपाय अवघड नाहीत. मजले लाकडाचे किंवा हलक्या पोलादी सांगाड्याचे करा. चौरस मीटरला ०.४ टन धरला तर १,५०० टनांत भागतं. माती हलकी, ३० सेंटिमीटर आणि फक्त तिसऱ्या हिश्श्यात घाला, ती ३०० टन. माणसं आणि सामान यांचे ७५० टन, तीन दिवसांचं पाणी सव्वाशे टन. आता बुडती खोली ३.७ मीटरच्या आसपास येते आणि २.३ मीटर काठ पाण्यावर राहतो. त्यानंतरही तक्त्यात १० टक्के राखीव ठेवा, कारण वस्ती वाढत जाते, वजन कमी होत नाही. तक्त्यात प्रत्येक ओळीला तीन रकाने हवेत: वजन किती, तळापासून किती उंचीवर, मध्यापासून किती बाजूला.

तिसरा रकाना लोक हमखास गाळतात. याच प्लॅटफॉर्मवर १,५०० टनांची इमारत मध्यापासून १२ मीटर सरकवली तर सगळा प्लॅटफॉर्म जवळपास २ अंश कलतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या बाजूचा काठ ९० सेंटिमीटर खाली जातो आणि फरशीला मीटरमागे साडेतीन सेंटिमीटर उतार येतो. मोरीचं पाणी उलट्या बाजूला धावतं, दारं आपोआप उघडतात. ‘बॅलास्ट (तोल साधण्यासाठीचं वजन, बहुधा पाणी) टाकून सरळ करू’ हे उत्तर चालतं, पण मग त्या बॅलास्टचं वजनही तक्त्यात आलं पाहिजे.

बॅलास्टवरून आणखी एक. तळघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच मोठी, अर्धी भरलेली टाकी दाखवू नका. प्लॅटफॉर्म जरा कलला की पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. पूर्ण रुंदीची टाकी असेल तर रुंदीमुळे मिळणारी स्थिरता जवळपास सगळी नाहीशी होते. तीच टाकी पाच बंद पट्ट्यांत विभागली की तोटा पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. मात्र ही सुटका एकाच दिशेची आहे, म्हणून दुसऱ्या दिशेलाही विभागा. भिंती पूर्ण उंचीच्या आणि पाणी न झिरपणाऱ्या हव्यात. भोकं ठेवलेल्या भिंतीने पाणी फक्त सावकाश सरकतं, थांबत नाही. आणि कुठलाही एक कप्पा फुटून पाणी भरलं तरी वस्ती तरंगली पाहिजे. हा हिशोब शीटवर (स्पर्धेला द्यायच्या ड्रॉइंगच्या कागदावर) नसेल तर डिझाइन पुरं झालेलं नाही.

लाटेची उंची माहीत, काळ माहीत नाही

‘इथे २ मीटरच्या लाटा असतात’ असं लिहून पुढे जाणारे खूप. हवामानखात्याच्या किंवा बोयाच्या (समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी-यंत्राच्या) आकड्यांत जी ‘सिग्निफिकंट’ उंची असते ती सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन तासांच्या वादळात साधारण हजार लाटा येतात आणि त्यातली सर्वात मोठी या आकड्याच्या १.८६ पटींच्या आसपास जाते. ८ मीटर लिहिलं असेल तर १५ मीटरची तयारी ठेवा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारी लाट ५० वर्षांच्या आयुष्यात गाठण्याची शक्यता ३९ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून ती फार दूरची गोष्ट समजू नका.

उंचीइतकाच, किंबहुना जास्त, लाटेचा काळ, म्हणजे एक माथा गेल्यावर पुढचा यायला लागणारे सेकंद, महत्त्वाचा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणा. ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, ८ सेकंदांची १०० मीटर, १२ सेकंदांची २२५ मीटर. पन्नास मीटरचा प्लॅटफॉर्म २२५ मीटरच्या लाटेवर बुचासारखा वरखाली होतो. त्याहून वाईट म्हणजे अशा उथळ, रुंद पेटीचा स्वतःचा वरखाली होण्याचा काळ सात-आठ सेकंदांच्या घरात येतो आणि नेमक्या त्याच काळाच्या लाटा समुद्रात भरपूर असतात. तेलकंपन्यांचे अर्धबुडते प्लॅटफॉर्म म्हणूनच खांबांवर उभे असतात. पाण्याच्या पातळीवर खांबच तेवढे असल्याने त्यांचा काळ २० सेकंदांच्या पुढे ढकलता येतो.

माणसांना काय सोसतं याचेही आकडे आहेत. नॉर्डफोर्स्क या नॉर्डिक देशांच्या संशोधन-संस्थेच्या १९८७ च्या निकषांत क्रूझ जहाजासाठी उभ्या त्वरणाची मर्यादा गुरुत्वाच्या ०.०२ पट आहे. दर ८ सेकंदांना १ मीटरचं वरखाली झालं की ही मर्यादा ओलांडली जाते. आणि क्रूझचा पाहुणा आठवड्याने घरी जातो. तुमच्या वस्तीत म्हातारी माणसं असतील, बाळंतिणी असतील, मुलं तिथे परीक्षेचा अभ्यास करतील.

मग उपाय काय? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या स्पर्धेला खुला महासागर घेऊ नका. प्रवाळ-भिंतीच्या आतलं सरोवर, खाडी किंवा लाटरोधक बांधाच्या आडची जागा घ्या. जपानचा १,००० मीटर लांबीचा ‘मेगा-फ्लोट’ हा प्रायोगिक तरंगता प्लॅटफॉर्म योकोसुकाजवळ, टोकियो उपसागराच्या आडोशालाच तरंगत होता. दक्षिण कोरियातल्या बुसानचा ‘ओशनिक्स’ हा तरंगत्या वस्तीचा प्रकल्पही बंदराच्या पाण्यातच आखलेला आहे. आडोसा घेणं म्हणजे माघार घेणं असं नवख्यांना वाटतं. पण आडोसा कसा निवडला हे दाखवणं हेच इथलं खरं डिझाइन आहे. खुला समुद्रच हवा असेल तर पेटी सोडा, खांबांचा मार्ग धरा आणि मजल्याचा तळ सर्वात मोठ्या लाटेच्या माथ्याहून वर ठेवा.

चार कोपरे, चार दोऱ्या

नांगरांची व्यवस्था ही दुसरी नावडती गोष्ट. प्लॅनवर चार कोपऱ्यांतून चार सरळ रेषा निघतात आणि कागदाच्या कडेला संपतात. कुठे टेकल्या, किती लांब, तळाला चिखल आहे की खडक, काही नाही.

हे किती महाग पडतं ते अरबी समुद्राने १७ मे २०२१ ला दाखवलं. तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायच्या परिसरात पी-३०५ हा निवासी बार्ज (सपाट तळाची मोठी नौका) होता. त्याच्यावर २६१ माणसं होती. तो तेलक्षेत्रातल्या कामगारांची राहण्याची जागा होता, म्हणजे तुम्ही काढताय त्याच्या अगदी जवळची वस्तू. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. वादळात नांगर निसटले, बार्ज वाहत गेला, एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला, त्याला भोक पडलं आणि त्या संध्याकाळी तो बुडाला. नौदलाने आणि तटरक्षक दलाने रात्रभर शोध घेऊन १८० हून अधिक माणसांना वाचवलं. बाकीची घरी परतली नाहीत. त्यात महाराष्ट्रातली, देशाच्या कानाकोपऱ्यातली कामाला आलेली माणसं होती.

या घटनेतून डिझाइन करणाऱ्याने तीन प्रश्न उचलायचे. एक दोरी तुटली तर उरलेल्या पेलतील का? सगळ्या तुटल्या तर वस्ती कशावर आदळेल आणि तिकडे पोचायला किती तास लागतील? आणि वादळाच्या किती तास आधी माणसं हलवायची, कशाने, कुठल्या बंदरात? प्लॅनवर वाहत जाण्याची दिशा बाणाने दाखवा. शेजारची दुसरी बांधकामं त्या रेषेत नकोत. माणसं हलवायच्या बोटींच्या फेऱ्या मोजा: ३०० माणसं, ३० जणांची एक बोट, जाऊन-येऊन ४ तास, म्हणजे ४० तास. एक बोट पुरणार नाही, हे या एका गुणाकारात कळतं.

साखळीची लांबी खोलीच्या कित्येक पट लागते, कारण तिचा बराच भाग तळावर पडून राहिला तरच नांगर आडवा ओढला जातो. साखळी उभी ओढली गेली की नांगर उपटतो. प्लॅनवर साखळ्यांचं वर्तुळ पूर्ण काढा. ते वस्तीपेक्षा कितीतरी मोठं निघतं आणि मासेमारीच्या जागेवर येतं, तेही दाखवा. भरती-ओहोटीचा फरकही बघा. ताहितीला तो जेमतेम ३० सेंटिमीटर, तर मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते. किनाऱ्याला जोडणारा पूल त्या फरकाने किती तिरपा होतो, आणि ओहोटीला व्हीलचेअर त्यावरून जाईल का, हे काढून दाखवलेली शीट क्वचितच दिसते.

बाकीच्या, थोडक्यात

कायदा: ‘किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे कुणाची सत्ता नाही’ हे वाक्य खोडून टाका. २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात कृत्रिम बेटं उभारू देण्याचा हक्क किनारी देशाचा आहे, असं सागरी कायद्याच्या कराराचं कलम ६० सांगतं. २०१९ मध्ये थायलंडच्या नौदलाने फुकेतजवळचं तरंगतं घर काढून नेलं.

वीज: माणशी दिवसाला ५ युनिट धरले तर ३०० माणसांना १,५०० युनिट. त्याला सुमारे ३७५ किलोवॅटचे सौर पॅनेल, म्हणजे १,९०० चौरस मीटर. तुमची छतं आधीच बागेने भरली आहेत ना?

पाणी: माणशी १३५ लिटर धरा. दिवसाला ४० घनमीटर गोडं पाणी करायला सुमारे १४० युनिट लागतात आणि त्याहून जास्त खारट पाणी परत सोडावं लागतं. ते कुठे सोडणार, ते लिहा.

जोड: दोन प्लॅटफॉर्ममधला घट्ट जोड पहिल्या वादळात तडकतो. बिजागरी द्या आणि त्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या, मैल्याच्या, विजेच्या लाइनला सैल वळण द्या. जोडावर झाड लावू नका.

देखभाल: लागोसच्या मकोकोमधली तरंगती शाळा २०१३ मध्ये २५६ प्लास्टिक पिंपांवर उभी राहिली. जगभर तिचं कौतुक झालं आणि जून २०१६ मध्ये पावसात ती कोसळली. स्पर्धेच्या शीटवर पिंप बदलण्याचं, तळाला चिकटलेले कालवं-शिंपले खरवडण्याचं, सळया तपासण्याचं वेळापत्रक कुणी देत नाही. द्या. तपासायला माणूस आत जाईल एवढं झाकण प्रत्येक कप्प्याला हवं.

मॉडेल तरंगतं, म्हणून सगळं बरोबर?

नाही. फोमबोर्डचं ३०० ग्रॅमचं मॉडेल टबात सोडून फोटो काढले जातात. १:१०० प्रमाणात ५० सेंटिमीटर बाजूच्या त्या मॉडेलचं वजन साडेनऊ किलो असायला हवं, कारण लांबी शंभर पटीने घटली की वजन दहा लाख पटीने घटतं. ३०० ग्रॅमचं मॉडेल सव्वा मिलिमीटर बुडतं, ते काहीच सांगत नाही.

असं करा. तळाची पेटी प्लायवूडची, सांधे सिलिकॉनने बंद. तक्त्याप्रमाणे शिशाच्या गोळ्या किंवा वाळूच्या पिशव्या योग्य जागी आणि योग्य उंचीवर ठेवा. पाण्यात सोडल्यावर चारही कोपरे मोजा. ३.७ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं, नळाच्या गोड्या पाण्यात मिलिमीटरभर जास्त. सगळेच कोपरे जास्त बुडाले तर तक्त्यात वजन कमी धरलंय. एकच बुडाला तर तिसरा रकाना चुकलाय. मॉडेल कलून परत येताना आळसावल्यासारखं सावकाश येत असेल तर वजन वर चढलंय किंवा आत कुठेतरी पाणी मोकळं फिरतंय. लाट देताना काळ दहाने भागा, म्हणजे ८ सेकंदांची लाट ०.८ सेकंदाने द्या. फळी हाताने हलवताना मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ७५ वर लावला की ताल चुकत नाही. वरच्या मजल्यावर पाण्याने काठोकाठ भरलेलं बाटलीचं झाकण ठेवा, आणि ते सांडायला किती लाटा लागल्या तो आकडा शीटवर लिहा.